फेस उन्हाचा, दोष गॅसला

लखनौला फेसाचे दोन ऋतू आहेत. थंडीत चौकातल्या गोल दरवाजापाशी सकाळी मक्खन मलाई मिळते. तिलाच तिथे निमिष म्हणतात. सायीचं दूध रात्रभर उघड्या थंडीत ठेवायचं, पहाटे घुसळायचं आणि वर येणारा फेस अलगद काढून केशर-पिस्ता घालून द्यायचा. ऊन चढलं की हा फेस बसायला लागतो, म्हणून विकणाऱ्याची सगळी घाई सूर्याशी असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जातो आणि त्याच शहरात फेस नकोसा होतो. अमीनाबाद, हजरतगंज, चारबाग, कुठेही सोड्याच्या गाडीवर उभे राहा. तोटी उघडली की पेला फेसानं भरतो, फेस खाली बसला की हातात अर्धाच पेला उरतो. पुन्हा भरायचं, पुन्हा फेस. गिऱ्हाईक म्हणतं, 'गैस ज़्यादा है'. सोडेवाला रेग्युलेटरची चावी थोडी मागे फिरवतो आणि फेस आणखी वाढतो.

मराठी वाचक लखनौला ओळखतो तो पंडित भातखंड्यांच्या संगीत विद्यालयामुळे. १९२६ साली ते सुरू झालं. कैसरबागेतल्या त्या वास्तूपासून अमीनाबाद पायी जाण्याइतकं जवळ आहे. पण या लेखाचा विषय नागपूर, अकोला, जळगाव किंवा सोलापूरच्या गाडीवरही तसाच लागू आहे, कारण ऊन तेच आणि गैरसमजही तेच.

'फेस म्हणजे गॅस जास्त, सोडा कडक'

उलट आहे. फेसात दिसतो तो पेयातून निघून गेलेला वायू. जिभेला जो चिमटा बसतो तो पाण्यात विरघळून राहिलेल्या कार्बन डायऑक्साइडचा. जिभेवरचं कार्बोनिक अनहायड्रेज नावाचं विकर त्याचं आम्ल करतं आणि ती आंबट झिणझिणी आपल्याला कळते. फेसाळ पेला पाहून 'कडक सोडा' म्हणणारा माणूस खरं तर मचूळ सोडा पिणार असतो.

किती वायू विरघळून राहील हे दोन गोष्टी ठरवतात: दाब आणि तापमान. दाबाचा नियम विल्यम हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं १८०३ मध्ये मांडला. वर वायूचा दाब जितका जास्त, तितका तो पाण्यात जास्त मुरतो. तापमानाचा हिशोब मात्र आपण विसरतो, आणि लखनौच्या उन्हाळ्यात सगळा खेळ त्याचाच आहे. साध्या वातावरणीय दाबाखाली एक लिटर पाणी शून्य अंशाला साधारण ३.३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं. २० अंशांना १.७ ग्रॅम. ४० अंशांना जेमतेम १ ग्रॅम.

कोलासारख्या पेयात लिटरमागे सात ग्रॅमच्या आसपास वायू भरलेला असतो. म्हणजे ३०० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे एक लिटर वायू कोंडलेला आहे. ही बाटली ४ अंशांवर असेल तर आतला दाब बाहेरच्या हवेच्या अडीच-तीन पट असतो. तीच बाटली ४० अंशांना तापली की तो सात पटींच्या आसपास जातो. झाकण उघडताच हा सगळा दाब एका क्षणात एकपट होतो. थंड पेय त्यानंतरही बराच वायू धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं. तापलेल्या पेयाची ती ताकद संपलेली असते, ते सगळं एकदम ओकतं. भरताना दोन्ही बाटल्यांत गॅस सारखाच होता, फरक फक्त उन्हाचा.

'फेस आला की दाब कमी करावा'

गाड्यांवर सर्वात जास्त नुकसान या समजुतीनं होतं, म्हणून इथे जरा थांबतो. टाकीतलं सोडापाणी ज्या दाबाखाली मुरलं आहे, त्याहून वरचा दाब कमी केला, तर वायूला बाहेर यायची मुभा मिळते. तो पेल्यात येण्याची वाट पाहत नाही, नळीतच सुटतो. मग तोटीतून पाणी आणि वायूचे आळीपाळीनं फटकारे निघतात. दाब आणखी कमी केला तर फेस आणखी वाढतो आणि शेवटी सपक पाणी उरतं. जुन्या गोटी सोड्याच्या बाटलीत तर दाब कमी असणं परवडतच नाही. हायरम कॉड या इंग्रजानं १८७२ मध्ये पेटंट घेतलेल्या त्या बाटलीत गळ्यातली काचेची गोटी रबरी कड्यावर घट्ट बसते ती आतल्या वायूच्याच जोरावर. बाटली उलटी धरून भरतात, सरळ केली की गॅस गोटीला वर दाबून धरतो. गॅस अपुरा असेल तर बाटलीच बंद होत नाही. मुंबईच्या पालनजींचा सोड्याचा धंदा १८६५चा, पुण्याच्या कॅम्पातल्या अर्देशीर यांचा १८८४चा. फेस आवरण्यासाठी गॅस चोरायचा नसतो, बाटली गार ठेवायची असते, हे ज्ञान आपल्याकडे इतकं जुनं आहे.

दाबाला हात लावण्याआधी पाहायला हवं ते नळीकडे. यंत्राच्या पोटात पाणी गार असतं, पण तिथून तोटीपर्यंतची वीतभर-हातभर नळी उन्हात तापते. तिच्यात थांबलेलं पाणीही तापतं. दुपारचा पहिला पेला म्हणूनच सगळ्यात फेसाळ निघतो आणि लागोपाठ भरलेले पुढचे दोन-तीन ठीक निघतात. नळीवर फोमचं आवरण चढवलं, गाडीला नीट सावली केली, तर रेग्युलेटरला हात न लावता फेस कमी होतो.

तोटीबद्दलचा समजही असाच उलटा आहे. फेस येऊ नये म्हणून ती अर्धवट, जपून उघडतात. अर्धवट तोटीतल्या अरुंद फटीतून पाणी जोरात घुसतं, तिथे दाब एकदम पडतो, खळबळ होते आणि वायू सुटतो. तोटी पूर्ण उघडावी, पेला तिरपा धरावा आणि धार काचेवरून उतरू द्यावी.

'काटा वर आहे, म्हणजे सिलिंडर भरलेला आहे'

सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो आणि त्यावर त्याची वाफ. २० अंशांना हा दाब वातावरणाच्या ५७ पट असतो आणि द्रवाचा शेवटचा थेंब संपेपर्यंत तेवढाच राहतो. म्हणून दाबमापकाचा काटा शिल्लक सांगत नाही, तो जवळजवळ फक्त तापमान सांगतो. त्यात ३१ अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइडचा द्रव असा उरतच नाही. द्रव आणि वायू यांच्यातली सीमाच पुसली जाते. लखनौची मे महिन्यातली रात्रसुद्धा कधी कधी याच्या आसपास असते. दुपारी उन्हात ठेवलेल्या सिलिंडरचा काटा चढतो तो गॅस वाढला म्हणून नव्हे. शिल्लक कळायला एकच उपाय, वजन. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच कोरलेलं असतं. सिलिंडर सावलीत, उभा आणि बांधून ठेवावा. बंद खोलीत तो गळत असेल तर हवेपेक्षा जड असलेला हा वायू जमिनीलगत साचतो आणि माणसाचा श्वास कोंडतो. ही गोष्ट फेसापेक्षा फार मोठी आहे.

'काळं मीठ टाकलं की फेस येतो, ती रासायनिक क्रिया'

मसाला सोड्यात चिमूटभर काळं मीठ पडलं की पेला उसळतो. मसाल्यात खाण्याचा सोडा असेल तर लिंबाशी त्याची क्रिया होते, हे खरं. पण नुसत्या मिठानंही पेला तसाच उसळतो, साखरेनंही, आणि कुणी स्वच्छ वाळू टाकली तर तिनंही. पाण्याच्या पोटात शून्यातून बुडबुडा तयार होणं अतिशय अवघड आहे, कारण इवल्याशा बुडबुड्याला पाण्याचा पृष्ठताण चिरडून टाकतो. त्याला जन्माला यायला आधी हवेचा एखादा कोपरा लागतो: खरबरीत कण, काचेवरचा ओरखडा, कापसाचा धागा. मिठाचा प्रत्येक खडा असे शेकडो कोपरे घेऊन पाण्यात उतरतो.

यातून उपाय आपोआप निघतो. मीठ, साखर आणि लिंबाचा रस थोड्या साध्या पाण्यात आधी पूर्ण विरघळवून घ्या. ते पाणी गार करा, पेल्यात तळाशी घाला आणि सोडा वरून काचेच्या कडेनं सोडा. चमच्यानं ढवळू नका. चव तीच राहते आणि फेस बराच कमी होतो. लग्नाकार्यात शंभर पेले भरणाऱ्यांनी ही पद्धत एकदा करून पाहावी.

पेला कोरड्या फडक्यानं लख्ख पुसणं हेही याच कारणानं चूक. शॅम्पेनच्या पेल्यातल्या बुडबुड्यांचा अभ्यास फ्रान्समधल्या रान्स शहरात झाला आहे. बुडबुड्यांच्या सुंदर माळा निघतात त्या मुख्यत्वे फडक्यातून किंवा हवेतून आलेल्या सूक्ष्म धाग्यांपासून, असं तिथे आढळलं. सोड्याचा पेला गार पाण्यानं विसळून ओलाच वापरावा. कोरडा, गरम, नुकताच पुसलेला पेला फेसाला आमंत्रण देतो.

'हलवलेल्या बाटलीत दाब वाढतो, टिचक्या मारल्या की उतरतो'

दोन्ही नाही. तापमान तेच असेल तर बंद बाटलीतला दाब हलवल्यानं वाढत नाही. वरच्या मोकळ्या जागेतला वायू बारीक बुडबुड्यांच्या रूपानं पेयात मिसळतो आणि आतल्या भिंतीला चिकटतो. झाकण उघडलं की हे बुडबुडे फुगतात, वर धावतात आणि पेयाला सोबत ओढून नेतात. टिचक्या मारण्याबद्दल डेन्मार्कच्या संशोधकांनी हजाराहून जास्त बिअरचे कॅन घेऊन रीतसर प्रयोग केला. टिचक्या मारलेल्या आणि न मारलेल्या कॅनमधून सांडलेल्या बिअरमध्ये फरक आढळला नाही. चार-पाच मिनिटं थांबा, एवढंच. रिक्षात, खड्ड्यांतून आलेल्या बाटलीला तर दहा द्या.

उरलेली बाटली पिळून, आतली हवा काढून झाकण लावण्याची सवय घरोघरी आहे. तिनं उलट नुकसान होतं. चेपलेली बाटली हळूहळू पुन्हा फुगते आणि ती रिकामी जागा भरायला वायू पेयातूनच निघतो. पंपानं आत हवा भरणारी झाकणंही कामाची नाहीत, कारण विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडला धरून ठेवतो तो कार्बन डायऑक्साइडचाच दाब, साध्या हवेचा नव्हे. झाकण घट्ट लावा आणि फ्रिजमध्ये उभी ठेवा. शक्य असेल तर मुळात लहान बाटली घ्या.

'फ्रीझरमध्ये ठेवलं की झटपट गार'

काचेची बाटली फ्रीझरमध्ये विसरणं धोक्याचं आहे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि बर्फ वायूला पोटात ठेवत नाही. तो सगळा वायू उरलेल्या थोड्या द्रवात आणि वरच्या जागेत कोंडला जातो. बाटली फुटते किंवा उघडताच अर्धं पेय बर्फाळ फेस होऊन बाहेर येतं.

झटपट गार करायचं तर बर्फ आणि पाणी एकत्र हवं. इथे आणखी एक समज आड येतो: बर्फाच्या पेटीतलं वितळलेलं पाणी ओतून टाकायचं आणि 'नुसता बर्फ' ठेवायचा. बर्फाचे तुकडे बाटलीला चार-दोन ठिकाणी टेकतात, मधे हवा राहते आणि हवा उष्णता फार हळू वाहून नेते. पाणी बाटलीला सगळीकडून मिठी मारतं आणि हवेच्या सुमारे पंचवीसपट चांगली उष्णता वाहतं. बाटली गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात बुडवा, मूठभर मीठ टाका आणि अधूनमधून अलगद फिरवा. अर्ध्या तासात ती फ्रिजमधल्या कित्येक तासांइतकी गार होते. मटका कुल्फीवाले मीठ आणि बर्फ पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत.

बाटली गार न करता कोमट सोड्यात थेट बर्फ टाकणं हा शेवटचा आणि सर्वात महागडा उपाय. हिशोब करून पाहा. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता शोषतो. ४० अंशांचा २०० मिलिलिटर सोडा ४ अंशांवर आणायला जवळजवळ ९० ग्रॅम बर्फ वितळावा लागतो. म्हणजे पेल्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा साधं पाणी होतं. शिवाय कोरड्या, खरबरीत बर्फावर सोडा पडताच फेस उसळतो आणि आधीच कोमट असलेल्या पेयातला वायू निघून जातो. बर्फ घालायचाच असेल तर तो आधी पाण्यानं विसळून घ्या, म्हणजे त्याची धार गुळगुळीत होते, आणि सोडा आधीच गार असू द्या.

आणि तो बर्फ कोणता, तेही पाहा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या आदेशानुसार १ जून २०१८ पासून खाण्यायोग्य नसलेल्या बर्फाला निळा रंग देणं बंधनकारक आहे. निळी लादी बाटल्यांच्या बाहेरून गारव्यासाठी चालते. तिचा तुकडा तुमच्या पेल्यात पडत असेल, तर तो पेला परत करा.