राष्ट्रसंरक्षणाचा जमाखर्च – लेखांक सातवा : महागड्या विमानाचे मोल

गेल्या लेखांकात आपण रणगाडे आणि तोफखाना यांवरील खर्चाचा विचार केला. या आठवड्यात त्याहून कितीतरी पट महाग असलेल्या, आणि म्हणूनच लोकसभेपासून गावच्या पारापर्यंत सर्वत्र वादाचा विषय झालेल्या लढाऊ विमानाकडे वळावयाचे आहे. ज्या देशात शाळेची कौले आणि पाटाचे पाणी यांसाठी तरतूद करताना सरकारला हात आखडता घ्यावा लागतो, त्या देशाने एकेका विमानामागे शेकडो कोटी रुपये मोजावेत काय, हा प्रश्न विचारणाऱ्याच्या देशनिष्ठेविषयी शंका घेऊन टाळता येणार नाही, कारण खजिन्यात जमा होणारा प्रत्येक रुपया रयतेच्या श्रमाचा आहे; आणि केवळ आकडा डोळे दिपवणारा आहे म्हणून खर्च व्यर्थ, असे म्हणूनही तो सुटणार नाही.

प्रथम किंमत कशाची मोजली जाते ते पाहू. २३ सप्टेंबर २०१६ रोजी भारत आणि फ्रान्स या दोन सरकारांत ३६ राफेल विमानांचा करार झाला. त्याची रक्कम सुमारे ७८७ कोटी युरो, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने एकोणसाठ हजार कोटी रुपयांच्या आसपास होती. ती ३६ ने भागली असता विमानामागे सोळाशे कोटींहून अधिक पडतात. परंतु त्याच वर्षी नोव्हेंबरात धुळ्याचे खासदार आणि तेव्हाचे संरक्षण राज्यमंत्री सुभाष भामरे यांनी लोकसभेत दिलेला आकडा विमानामागे अंदाजे ६७० कोटींचा होता. या तफावतीवरून पुढे पुष्कळ धुरळा उडाला. वस्तुतः दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. दुसरा आकडा नुसत्या विमानाचा. पहिल्यात त्याची क्षेपणास्त्रे, सुटे भाग, भारताच्या गरजेनुसार केलेले फेरफार, तळांवरील सोयी आणि देखभालीची हमी ही सारी बेगमी धरलेली आहे. म्हणजेच एकूण रकमेचा निम्म्याहून अधिक भाग विमान लढते ठेवण्यासाठी खर्ची पडला, आणि माझ्या मते या सौद्यातील सर्वांत शहाणपणाची कलमे तीच होती.

स्वस्त विमानाचा पक्ष दुबळा आहे असे मात्र कोणी समजू नये. १९५० च्या दशकात पेटर नावाच्या इंग्रज अभिकल्पकाने, लढाऊ विमाने अकारण जड आणि खर्चिक होत चालली आहेत या दृढ समजुतीने, पंखांचा विस्तार जेमतेम बावीस फूट असलेले नॅट हे चिमुकले विमान रचले. त्याच्या स्वदेशाच्या हवाईदलाने ते प्रशिक्षणापुरतेच स्वीकारले; भारताने ते लढाईसाठी घेतले आणि बंगळूरच्या कारखान्यात बनवले. १९६५ च्या युद्धात याच नॅटने पाकिस्तानच्या सेबर विमानांवर मात केली, आणि १४ डिसेंबर १९७१ रोजी, श्रीनगरच्या धावपट्टीवर बाँब पडत असताना, निर्मलजितसिंग सेखोंनी ज्या विमानातून आकाशात झेप घेऊन मरणोत्तर परमवीरचक्र संपादन केले, तेही नॅटच होते.

तथापि त्या लढाया तोफांच्या होत्या. शत्रू डोळ्यांनी दिसल्यावाचून त्याच्यावर गोळी झाडता येत नसे, आणि लहान विमान उशिरा दिसते हाच त्याचा मोठा गुण ठरे. आज राफेलवर बसवलेल्या मिटिऑर क्षेपणास्त्राचा पल्ला शंभर किलोमीटरहून अधिक आहे, त्यामुळे ज्याचे रडार आधी पाहते आणि ज्याची इलेक्ट्रॉनिक उपकरणे शत्रूच्या रडारला चकवतात, त्याच्या बाजूने निकाल अनेकदा दृष्टिभेट होण्यापूर्वीच लागतो. आजच्या विमानाची किंमत मुख्यतः या पाहण्या-चकवण्याच्या सामर्थ्याची किंमत होय, आणि ते सामर्थ्य नसलेली दहा स्वस्त विमाने उडवणे म्हणजे दहा शिकवलेल्या वैमानिकांचे प्राण पणाला लावणे होय.

या सामर्थ्याचा प्रत्यय १९९९ च्या कारगिल युद्धात आला. २६ मे रोजी हवाई हल्ले सुरू झाले आणि पहिल्या तीन दिवसांतच दोन लढाऊ विमाने व एक हेलिकॉप्टर आपण गमावले. लक्ष्ये पंधरा-सोळा हजार फूट उंचीवरच्या कड्यांत दडलेली, आणि नियंत्रणरेषा ओलांडायची नाही असा सरकारचा कडक हुकूम. अशा अरुंद जागेत, खांद्यावरून सोडल्या जाणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेर राहून अचूक मारा करण्याचे काम मिराज २००० कडे आले. हे विमान फ्रान्सकडून घेण्याचा करार १९८२ चा, आणि तेव्हाही त्याच्या किमतीवर टीका झालीच होती. २४ जून रोजी मिराजमधून टाकलेल्या लेसर-नियंत्रित बाँबने टायगर हिलवरील शत्रूचे ठाणे नेमके टिपले, आणि ४ जुलै रोजी आपल्या जवानांनी ते शिखर जिंकले. परंतु हा विजय केवळ विमानाच्या खात्यावर लिहिणे अन्यायाचे होईल. लक्ष्यावर लेसरचा किरण रोखणारे इस्रायली उपकरण विमानाखाली बसवण्याचे काम ऐन युद्धाच्या धामधुमीत घाईने उरकावे लागले होते. ते वेळेत झाले नसते, तर तेच महागडे मिराज साधे बाँब टाकणारे आणखी एक विमान ठरले असते.

हत्ती विकत घेण्याहून तो दारी पोसणे कठीण, या शहाणपणाचा विसर पडला म्हणजे काय होते, हे सुखोई-३० च्या उदाहरणावरून कळते. नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्याने ही २२२ विमाने बांधली; ती हवाईदलाचा कणा आहेत. परंतु महालेखापरीक्षकांनी २०१५ च्या अहवालात असे दाखवून दिले की, ७५ टक्के विमाने उड्डाणास सज्ज असावीत असा दंडक असताना प्रत्यक्ष प्रमाण ५५ ते ६० टक्के होते. दोनशे विमानांच्या ताफ्यात पंधरा टक्क्यांची तूट म्हणजे तीस विमाने, अर्थात जवळजवळ दोन तुकड्या, सुट्या भागांअभावी किंवा दुरुस्तीच्या प्रतीक्षेत शेडमध्ये उभ्या. दोन तुकड्या राफेलसाठी आपण एकोणसाठ हजार कोटी मोजले, हे ध्यानात घेतले तर वेळेवर मिळालेला सुटा भाग हीच सर्वांत स्वस्त विमानखरेदी होय, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञाची गरज उरत नाही.

जगातील सर्वांत श्रीमंत देशही या नियमाला अपवाद नाही. अमेरिकेने एफ-२२ ची साडेसातशे विमाने बांधण्याची योजना आखली होती. किंमत चढत गेली तशी संख्या उतरत गेली, संख्या उतरली तशी किंमत आणखी चढली, आणि शेवटी सेवेसाठी १८७ विमानांवर समाधान मानावे लागले. एफ-३५ विमाने आयुष्यभर सांभाळण्याच्या खर्चाचा अंदाज २०१८ ते २०२३ या पाच वर्षांत १.१ लाख कोटींवरून १.५८ लाख कोटी डॉलरांवर गेला, आणि मार्च २०२३ मध्ये त्यांपैकी कामगिरीस सज्ज विमाने सुमारे ५५ टक्केच होती, असे तेथील संसदेच्याच हिशेबतपासनीस कार्यालयाने नमूद केले आहे. दुसरीकडे १ जून २०२५ रोजी युक्रेनने मालमोटारींत लपवून नेलेल्या स्वस्त ड्रोनांनी, हजारो किलोमीटर आतल्या तळांवर उघड्यावर उभी असलेली रशियाची अवजड बाँबफेकी विमाने जाळली. ज्याला भक्कम छप्पर नाही, ते विमान कितीही महाग असले तरी जमिनीवर असहाय असते.

आपली स्थिती अशी की, हवाईदलाला मंजूर तुकड्या ४२; आणि १९६३ पासून सेवेत असलेले मिग-२१ हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाल्यावर उरल्या २९. ही पोकळी केवळ राफेलने भरू म्हटले तर खजिना पुरणार नाही, आणि केवळ स्वस्त विमानांनी भरू म्हटले तर पहिल्याच दिवशी त्याची किंमत प्राणांनी चुकवावी लागेल. स्वदेशी बनावटीच्या ९७ तेजस विमानांसाठी सरकारने त्याच सप्टेंबरात ६२,३७० कोटींचा करार केला. हा पैसाही थोडा नाही, आणि आधीच्या ८३ विमानांची मुदत परदेशी इंजिनांच्या पुरवठ्यामुळे टळली, हे दुखणेही खरे. तरीही त्या पैशातून ओझरसारख्या ठिकाणी जे कसब रुजते, ते कोणत्याही परदेशी सौद्यात मिळत नाही.

म्हणून माझा निष्कर्ष असा : अव्वल दर्जाची महागडी विमाने घ्यावीत, पण मोजकीच; त्यांच्या भोवती स्वदेशी विमानांचा मोठा ताफा उभारावा; आणि शस्त्रे, सुटे भाग, वैमानिकांचे उड्डाणतास व भक्कम निवारे यांची तजवीज झाल्यावाचून नव्या विमानाच्या करारावर सही करू नये. वाचकांना एवढीच विनंती की, पुढच्या खेप-खरेदीची बातमी वाचाल तेव्हा किती विमाने घेतली एवढ्यावर थांबू नका. त्यांपैकी उद्या सकाळी किती उडू शकतील, हा प्रश्न आपल्या खासदाराला अवश्य विचारा, कारण करदात्याला या जमाखर्चाचा जाब मागण्याचा पूर्ण अधिकार आहे.