सॉफ्टवेअर काढले, फाइल्स मात्र उरल्या

डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींमध्ये 'रिमूव्ह' आज्ञेने सॉफ्टवेअर काढले, तरी त्याच्या कॉन्फिगरेशन फाइल्स 'ईटीसी' फोल्डरमध्ये तशाच राहतात. हा दोष नव्हे. तेच सॉफ्टवेअर पुन्हा बसविल्यास जुनी सेटिंग्ज आयती मिळावीत, हा त्यामागील हेतू आहे. 'डीपीकेजी'च्या यादीत अशा पॅकेजपुढे 'आरसी' ही अक्षरे दिसतात. या फाइल्स जागा फारशी अडवत नाहीत. मात्र एखादी चुकीची सेटिंग त्यामुळे पुनःस्थापनेनंतरही कायम राहते. 'पर्ज' ही आज्ञा त्या कायमच्या पुसून टाकते. परंतु डेटाबेससारख्या काही पॅकेजेसच्या बाबतीत तिच्यामुळे साठविलेली माहितीही नष्ट होऊ शकते. म्हणूनच सरसकट सफाई करण्यापूर्वी यादीतील प्रत्येक नाव तपासावे आणि आवश्यक माहितीचा बॅकअप घ्यावा.