साकेची चव : पाणी, तांदूळ आणि जेवण

तांदळापासून तयार होणाऱ्या जपानी मद्याला परदेशात साके म्हणतात. खुद्द जपानी भाषेत ‘साके’ हा शब्द सर्वच मद्यांना लागू पडतो. या विशिष्ट पेयाचे तेथील नाव ‘निहोन्शू’, म्हणजे जपानचे मद्य, असे आहे. त्याचे मूळ घटक सगळीकडे तेच : तांदूळ, पाणी, यीस्ट आणि ‘कोजी’. तरीही एका प्रांताचे साके दुसऱ्या प्रांताच्या साकेसारखे लागत नाही. असे का व्हावे?

प्रथम कृती समजून घेऊ. द्राक्षांत साखर मुळातच असते. तांदळात मात्र पिष्ट असते, आणि पिष्ट थेट आंबून मद्य होत नाही. म्हणून वाफवलेल्या तांदळावर एक विशिष्ट बुरशी वाढवतात. हीच कोजी होय. कोजी पिष्टाची साखर करते आणि त्याच पिंपात, त्याच वेळी, यीस्ट त्या साखरेपासून मद्यार्क तयार करते. गाळल्यानंतर बहुधा पाणी मिसळून मद्यार्काचे प्रमाण १५ ते १६ टक्क्यांवर आणतात. याचाच अर्थ असा की, साकेमध्ये सुमारे चार पंचमांश पाणीच असते. चवीतील फरकाचा उगम शोधायचा तर तो प्रथम विहिरीपाशी शोधावा लागतो.

कोबे शहराजवळील नादा हा साकेचा सर्वांत मोठा प्रदेश. तेथील ‘मियामिझु’ हे पाणी जपानच्या मानाने जड आहे. त्यातील खनिजांवर यीस्ट जोमाने वाढते, किण्वन वेगाने होते आणि साके कोरडे व करकरीत उतरते. साकेचा रंग व चव बिघडवणारे लोह या पाण्यात फारच थोडे असते. क्योतोमधील फुशिमीचे पाणी त्याहून मृदू आहे. तेथे किण्वन संथपणे होते आणि साके नाजूक, किंचित गोडसर लागते. नादाच्या साकेला ‘पुरुषी’ आणि फुशिमीच्या साकेला ‘स्त्रैण’ म्हणण्याची जपानमध्ये जुनी रीत आहे. हिरोशिमाचे पाणी तर इतके मृदू की, त्यापासून चांगले साके होणे कठीण मानले जाई. सेन्झाबुरो मिउरा यांनी कोजी नीट मुरवून कमी तापमानात सावकाश किण्वन करण्याची पद्धत सिद्ध केली आणि १८९८ मध्ये ती प्रसिद्ध करून सर्वांना खुली केली.

आता जेवणाकडे वळू. साकेत अमिनो आम्ले भरपूर असतात. त्यांमुळे त्याला ‘उमामी’ ही रुची लाभते. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा यांनी समुद्रशैवालाच्या काढ्यात जी रुची ओळखली, तीच ही. मासे, सोयाबीनचे पदार्थ आणि अळंबी यांच्याशी साकेचे जुळते ते यामुळेच. क्योतोच्या सौम्य रश्शात शिजवलेल्या तोफूबरोबर फुशिमीचे मृदू साके शोभते. करकरीत साके त्याची चव झाकून टाकील. उलट सोया सॉस लावून भाजलेल्या तेलकट माशाबरोबर नादाचे साके जीभ स्वच्छ करते. शिकोकू बेटावरील कोची येथे वरवर भाजलेला कात्सुओ मासा लसणाबरोबर खातात, आणि तेथील साकेही तसेच कोरडे असते. हिरोशिमाच्या कालवांबरोबर तेथलेच साके घ्यावे, कारण दोहोंतही हलका गोडवा आहे.

चाखताना पांढऱ्या पेल्याच्या तळाशी असलेली दोन निळी वर्तुळे पाहावीत : निळ्यावर स्वच्छता कळते, पांढऱ्यावर रंग. मग वास घ्यावा आणि लहानसा घोट जिभेवर पसरू द्यावा. तांदूळ निम्म्याहून अधिक घासून केलेले सुगंधी ‘दाइगिंजो’ थंडच बरे. भरीव चवीचे साके सुमारे ४० अंशांपर्यंत कोमट केले की खुलते.

हे वैविध्य टिकेलच अशी खात्री एकेकाळी नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर तांदळाची टंचाई पडली. तेव्हा मद्यार्क, साखर आणि आम्ले मिसळून तेवढ्याच तांदळात सुमारे तिप्पट साके काढले जाऊ लागले. पुढे अनेक लहान उत्पादकांचे साके मोठ्या कंपन्या घाऊक विकत घेत. ते इतरांच्या साकेत मिसळले जाई आणि गावाचे नाव पुसले जाई. १९७३ नंतर खप घटत गेला. आज तो त्या वेळच्या पाव हिश्श्याच्या आसपास आहे. याच पडत्या काळात ‘जिझाके’, म्हणजे स्थानिक साके, यांना नवे रसिक मिळाले. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने कोजीवर आधारित पारंपरिक मद्यनिर्मितीचा समावेश मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला.

तथापि, अशी कला केवळ यादीत नोंद झाल्याने जगत नाही. कोचीचा मासा आणि कोचीचे साके एकाच ताटावर येत राहिले, तरच तेथील साके तेथल्यासारखे करण्याचे कारण उरेल.