हाताचं अक्षर फॉन्टमध्ये कसं उतरतं?

शाळेत चार रेघी वहीत गिरवलेलं कर्सिव्ह आठवतंय? आज कागदावर तसंच इंग्रजीत ‘कॉफी’ लिहून बघा. त्यात दोन एफ आणि दोन ई येतात. पण दोन्ही एफ तंतोतंत सारखे येत नाहीत. पहिल्याकडे हात ओवरून आला, दुसऱ्याकडे एफवरून. शेवटच्या ईची शेपटी मोकळी सुटली, कारण पुढे अक्षरच नाही.

हस्ताक्षरासारखा फॉन्ट करणाऱ्यासमोरचा खरा प्रश्न हाच आहे. साध्या फॉन्टमध्ये एका अक्षराला एकच आकार असतो. दोन एफ हुबेहूब सारखे दिसले की डोळ्याला लगेच कळतं, हे हाताने लिहिलेलं नाही.

‘झाफिनो’ हा फॉन्ट घ्या. जर्मन सुलेखनकार हेरमान झाफ यांनी 1944 मध्ये, महायुद्ध चालू असताना, ही वळणदार अक्षरं वहीत लिहिली होती. छपाईसाठी मात्र ती शिशाच्या खिळ्यांत बसेनात. खिळा म्हणजे चौकोनी ठोकळा. लांब शेपटी शेजारच्या ठोकळ्यावर जाणार कशी? फॉन्ट आला तो थेट 1998 मध्ये, संगणकावर.

संगणकाने नेमकं काय केलं? एका अक्षराचे अनेक आकार फॉन्टमध्ये ठेवता आले आणि त्यातला कोणता निवडायचा याचे नियमही लिहिता आले: आधी कोणतं अक्षर आहे, नंतर कोणतं, शब्द संपतोय का. काही ठिकाणी दोन-तीन अक्षरं मिळून एकच जोडाकार येतो. मॅकवर या फॉन्टमध्ये त्याचंच नाव टाइप केलंत, तर सातही अक्षरांचा मिळून एकच आकार उमटतो!

आता वापराबद्दल. माझ्या पहिल्या पोस्टरवर मी हौसेने सगळी उपशीर्षकं अशाच फॉन्टमध्ये टाकली. लोक थांबले, “छान दिसतंय” म्हणाले आणि पुढे गेले. वर्षभराच्या कामाचा निष्कर्ष कुणी वाचलाच नाही. गाइड एवढंच म्हणाल्या, “दोन मीटरवरून वाचून दाखव.” मला जमलं नाही.

हा डिस्प्ले फॉन्ट आहे. दोन-चार शब्दांसाठी, मोठ्या आकारात, भोवती भरपूर जागा सोडून वापरायचा. अख्खा शब्द कॅपिटलमध्ये नको. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, जोड तुटतात. आलेख, तक्ते आणि निष्कर्ष यांना साधाच फॉन्ट बरा.

यात संशोधनाचा धडाही आहे, बरं का. “अक्षर सुंदर हवं” यावर काम करता येत नाही. “शेजारचं अक्षर बदललं की आकार कसा बदलतो?” यावर येतं. सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा तुमच्या प्रश्नातला ‘चांगला’ किंवा ‘प्रभावी’ हा शब्द शोधा आणि त्याच्या जागी तपासता येईल असं काहीतरी लिहा.