परदेशातील घर आणि निवृत्तीचा हिशेब

प्रतिनिधी, पुणे

मयूर कॉलनी, डहाणूकर कॉलनी, पौड रस्ता या परिसरात सकाळच्या फेरीला निघालेल्या ज्येष्ठांच्या गप्पांमध्ये न्यू जर्सी, टोरांटो, सिडनी ही नावे आता सदाशिव पेठेइतक्याच सहजतेने येतात. कोथरूडमधील अनेक घरांतील मुले माहिती तंत्रज्ञानाच्या लाटेबरोबर परदेशी गेली आणि तेथेच स्थिरावली. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांना एकत्र आणणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले, तेव्हा स्थलांतराची ही कहाणी नवी नाही. नवा आहे तो पुढचा प्रश्न. मुले परत येणार नसतील, तर आई-वडिलांनीच तिकडे जावे काय? आणि जायचेच असेल, तर येथील फ्लॅट विकून तेथे स्वतःचे घर घ्यावे काय?

प्रश्न भावनेचा आहे, पण त्याचे उत्तर मात्र कायद्याच्या आणि कराच्या चौकटीत शोधावे लागते. आयुष्यभराची बचत एकाच व्यवहारात गुंतत असल्याने ही चौकट आधी समजून घेणे हिताचे ठरेल.

पैसे किती नेता येतात?

परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजेच 'फेमा', भारतातील निवासी व्यक्तीला परदेशात घर घेण्यास मज्जाव करीत नाही. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २००४ मध्ये उदारीकृत धनप्रेषण योजना सुरू केली, तेव्हा वार्षिक मर्यादा २५ हजार डॉलर होती. २०१३ मध्ये रुपया घसरल्यावर मर्यादा खाली आणली गेली आणि घरखरेदीवरही काही काळ बंदी आली. २०१५ पासून ही मर्यादा प्रत्येक व्यक्तीस प्रत्येक आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर अशी आहे. २०२२ च्या नियमांनुसार कुटुंबातील निवासी नातेवाईकांना आपापल्या मर्यादेतील रक्कम एकत्र करून घर घेता येते. म्हणजे पती-पत्नी मिळून एका वर्षात पाच लाख डॉलर पाठवू शकतात. मात्र हा पैसा स्वतःचा असावा लागतो. अशा खरेदीसाठी येथील बँकेचे कर्ज काढून रक्कम पाठविता येत नाही.

येथे अनेकांचा हिशेब चुकतो तो उगमस्थानी वसूल होणाऱ्या कराबाबत. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांच्या वर पाठविलेल्या रकमेवर, शिक्षण व वैद्यकीय उपचार यांसारखे अपवाद वगळता, बँक २० टक्के रक्कम वसूल करते. एका व्यक्तीने एक कोटी रुपये पाठविले, तर ९० लाखांवर १८ लाख रुपये बाजूला काढावे लागतात. हा जादा कर नव्हे. विवरणपत्र भरताना तो देय करातून वजा होतो किंवा परत मिळतो. परंतु तोपर्यंत एवढी रक्कम अडकून राहते आणि निवृत्त माणसाला ती सोसेलच असे नाही.

कोथरूडचा फ्लॅट विकताना

राहते घर विकून आलेला भांडवली नफा दुसऱ्या घरात गुंतविला तर करसवलत मिळते, हे बहुतेकांना ठाऊक असते. ते दुसरे घर भारतातच असले पाहिजे, ही २०१४ च्या अर्थसंकल्पाने घातलेली अट मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. त्यामुळे कोथरूडमधील फ्लॅटचा नफा परदेशातील घरात घातला तर ही सवलत मिळत नाही.

विक्री केव्हा करायची, यालाही महत्त्व आहे. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराबाबत निवासी व्यक्तीला दोन पर्याय आहेत. महागाईचा निर्देशांक न लावता १२.५ टक्के, किंवा निर्देशांक लावून २० टक्के. यांपैकी दुसरा पर्याय अनिवासी व्यक्तीला नाही. शिवाय निवासी विक्रेत्याच्या ५० लाख वा त्याहून अधिक किमतीच्या घरावर खरेदीदार एक टक्का करकपात करतो, तर अनिवासी विक्रेत्याबाबत कपातीचा दर १२.५ टक्के अधिक अधिभार व उपकर असा होतो. ती कमी करून घ्यायची तर प्राप्तिकर खात्याचे प्रमाणपत्र आधी मिळवावे लागते. थोडक्यात, आधी विक्री आणि मग स्थलांतर की उलट, या क्रमावर काही लाखांचा फरक पडू शकतो.

घर म्हणजे व्हिसा नव्हे

घर घेतले की राहण्याचा हक्क मिळतो, हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. अमेरिकेत परदेशी व्यक्तीला घर घेता येते, पण त्यामुळे व्हिसा मिळत नाही. पर्यटक व्हिसावर एका वेळी साधारणतः सहा महिनेच राहता येते. मुलगा किंवा मुलगी अमेरिकी नागरिक असेल आणि वयाची २१ वर्षे पूर्ण केली असतील, तरच आई-वडिलांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो. ग्रीन कार्ड मिळाल्यावर वर्षभराहून अधिक काळ पुण्यात राहिले, तर ते धोक्यात येते.

अन्यत्रही दारे आकुंचित होत आहेत. कॅनडाने १ जानेवारी २०२३ पासून परदेशी व्यक्तींच्या घरखरेदीवर निर्बंध घातले, तर ऑस्ट्रेलियाने १ एप्रिल २०२५ पासून जुनी घरे विकत घेण्यास परदेशी ग्राहकांना मनाई केली. सिंगापूरने २०२३ मध्ये परदेशी खरेदीदारांवरील अतिरिक्त मुद्रांक शुल्क ६० टक्क्यांवर नेले. घराच्या बदल्यात निवासाची परवानगी देण्याची योजना पोर्तुगालने २०२३ मध्ये, तर स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये बंद केली. दुबईत मात्र २० लाख दिरहमच्या मालमत्तेवर दहा वर्षांचा निवास परवाना मिळण्याची सोय आहे.

आजारपण, कर आणि वारसा

अमेरिकेतील वैद्यकीय खर्च हा निवृत्तांच्या दृष्टीने कळीचा मुद्दा आहे. ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी असलेली 'मेडिकेअर' ही सरकारी विमा योजना नव्याने ग्रीन कार्ड मिळालेल्यांना लगेच लागू होत नाही. सलग पाच वर्षे वास्तव्य झाल्यावर हप्ता भरून तीत सहभागी होता येते. मधल्या काळात खासगी विम्याचा भार उचलावा लागतो.

ग्रीन कार्डधारकाला जगभरातील उत्पन्नावर अमेरिकेत विवरणपत्र द्यावे लागते. म्हणजे कोथरूडच्या घराचे भाडे, मुदत ठेवींचे व्याज, एवढेच नव्हे तर भारतात करमुक्त असलेले भविष्य निर्वाह निधीचे व्याजही तेथे हिशेबात येते. उलट, भारतात राहून परदेशी घर बाळगणाऱ्याने ते येथील विवरणपत्रात दाखविणे सक्तीचे आहे. न दाखविल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्यानुसार दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

सर्वांत कमी चर्चा होते ती मृत्यूनंतरच्या कराची. भारतात १९८५ मध्ये मृत्युकर रद्द झाला. अमेरिकेत मात्र तेथील रहिवासी वा नागरिक नसलेल्या व्यक्तीच्या तेथील मालमत्तेपैकी केवळ ६० हजार डॉलरपर्यंतच सूट आहे आणि त्यावर कराचा दर ४० टक्क्यांपर्यंत जातो. हा कर टाळण्यासाठी घर मुलाच्या नावे घेण्याचा सल्ला दिला जातो. त्यासाठी मुलाला रक्कम भेट म्हणून देता येते, पण तीही अडीच लाख डॉलरच्याच मर्यादेत मोजली जाते. आणि घर मुलाच्या नावे झाले की त्यावर आई-वडिलांचा कायदेशीर हक्क उरत नाही. उद्या मुलाची नोकरी गेली, त्याचा घटस्फोट झाला किंवा घर विकावे लागले, तर वृद्धांनी जायचे कोठे?

घाई नको

म्हणूनच पुण्यातील घर लगेच न विकणे शहाणपणाचे ठरते. ते भाड्याने देऊन प्रथम वर्षभर मुलांकडे किंवा त्यांच्याजवळच्या भाड्याच्या घरात राहून पाहावे. तेथील कडाक्याचा हिवाळा, गाडीवाचून येणारे परावलंबित्व आणि दिवसभराचे एकटेपण यांचा अंदाज महिनाभराच्या सहलीत येत नाही. त्यानंतरही निर्णय कायम राहिला, तर दोन्ही देशांतील कायदा जाणणाऱ्या सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा, परदेशी मालमत्तेसाठी स्वतंत्र मृत्युपत्र करावे आणि परतीचा खर्च वेगळा काढून ठेवावा. मुलांच्या जवळ असणे आणि स्वतःचे छप्पर असणे या दोन्ही गरजा खऱ्या आहेत. त्यातील एकीसाठी दुसरी गमवावी लागू नये, एवढी काळजी कागदावर सही करण्यापूर्वीच घेता येते. नंतर ती घेणे बहुधा आपल्या हाती राहत नाही.