बैल गेला नि झोपा केला! शेळीपालनात औषधपाण्याचा खर्च आधी का करायचा?



शेळीपालनाचा प्रोजेक्ट रिपोर्ट कुणी दाखवायला आणला की मी आधी दोन आकडे शोधतो. पहिला, वर्षाला किती जनावरं दगावतील असं धरलंय? दुसरा, लस आणि जंतनाशकासाठी किती पैसे बाजूला ठेवलेत? बऱ्याचदा पहिल्या आकड्याच्या जागी काहीच नसतं आणि दुसऱ्याच्या जागी 'औषधोपचार व इतर' असं लिहून एक अंदाजे रक्कम टाकलेली असते. शेडच्या पत्र्यांचा हिशोब मात्र नट-बोल्टसकट केलेला असतो.

आपल्याकडे म्हण आहे, बैल गेला नि झोपा केला. झोपा म्हणजे गोठ्याचं दार. जनावर गेल्यावर दार बसवून उपयोग काय? शेळीपालनात हे दार चार फळ्यांचं असतं: लस, जंतनाशक, करडांना वेळेवर चीक आणि कोरडा गोठा. या चारींवर खर्च किती, त्यातून वाचतं किती आणि वर्षात कधी काय करायचं, ते आज नीट बघू.

आधी हिशोब मांडू

समजा तुमच्याकडे २० शेळ्या आणि १ बोकड आहे. खालचे आकडे उदाहरणासाठी धरलेत. तुमच्या बाजारातले भाव टाकून हाच हिशोब वहीत परत करा.

वर्षाला ३० करडं झाली असं धरू. सात-आठ महिन्यांत करडू २० किलोचं झालं आणि जिवंत वजनाला ३५० रुपये किलो भाव मिळाला, तर एका करडाचे ७,००० रुपये.

आता लस, जंतनाशक, क्षार-मिश्रण, चुना असा सगळा मिळून मोठ्या जनावराला वर्षाला ३०० रुपये आणि करडाला १०० रुपये धरा. २१ जनावरांचे ६,३०० आणि ३० करडांचे ३,०००. एकूण ९,३०० रुपये.

हा खर्च केला आणि ३० पैकी २ करडं दगावली, तर २८ करडं विकून १,९६,००० रुपये येतात.

खर्च 'वाचवला' आणि ६ करडं दगावली. उरलेली २४ जंतांमुळे प्रत्येकी २ किलोनं कमी भरली, म्हणजे १८ किलोची. तर येतात १,५१,२०० रुपये. वर १२,००० ची एक मोठी शेळी गेली.

फरक काढा. करडांत ४४,८०० आणि शेळीचे १२,०००, म्हणजे ५६,८०० रुपये. त्यातून प्रतिबंधाचे ९,३०० वजा केले तरी ४७,५०० रुपये तुमच्या खिशात राहतात. महिन्याला जवळपास ४,००० रुपये. छोट्या युनिटमध्ये बँकेच्या हप्त्याचा मोठा भाग यातूनच निघू शकतो. आणि यात आजारी पडल्यावरचं सलाईन, इंजेक्शन, डॉक्टरांची फेरी, तुमचा बुडालेला दिवस हे काहीच धरलेलं नाही.

एक गोष्ट इथे लक्षात घ्या. मेलेलं करडू सगळ्यांना दिसतं. पण २४ करडांचं मिळून ४८ किलो वजन कमी भरलं, तेच १६,८०० रुपये झाले, आणि ते कुणाला दिसत नाहीत. व्यापारी काट्यावर भाव करतो आणि आपण म्हणतो, "यंदा बाजार पडलाय."

उपचारावर भिस्त का ठेवता येत नाही?

शेळी आजार लपवते. कळपाबरोबर चालत राहते, थोडं खातही राहते. ती कोपऱ्यात मान टाकून उभी राहिलेली तुम्हाला दिसते, तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो. शिवाय शेळ्या एकाच गव्हाणीत खातात, एकाच टाकीत पाणी पितात. एकीला झालं ते दोन-चार दिवसांत कळपात फिरतं. म्हणून बिल एका शेळीचं येत नाही, गोठ्याचं येतं.

दोन आजार समजून घ्या, म्हणजे मुद्दा पटेल.

पीपीआर. याला शेळ्यांची बुळकांडी असंही म्हणतात. जोराचा ताप, नाका-डोळ्यांतून स्राव, तोंडात फोड, मग हगवण आणि न्यूमोनिया. हा विषाणूचा आजार आहे, त्यामुळे त्याला मारणारं औषध नाही. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून टोचलं तर ते फार तर सोबत आलेल्या दुसऱ्या संसर्गावर काम करतं. लस मात्र चांगली आहे. मुक्तेश्वरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत सुंग्री-९६ या स्ट्रेनपासून ती तयार झाली. करडू तीन-चार महिन्यांचं झाल्यावर एकदा टोचली की साधारण तीन वर्षं संरक्षण मिळतं. गाई-म्हशींची बुळकांडी लसीच्या जोरावर २०११ मध्ये जगातून संपली असं जाहीर झालं. पीपीआर २०३० पर्यंत संपवायचं जागतिक उद्दिष्ट आहे. तोपर्यंत तुमच्या गोठ्याचं रक्षण तुमच्याच हातात.

आंत्रविषार. हा व्यवसायाच्या दृष्टीनं सगळ्यात वाईट, कारण तो कळपातलं सगळ्यात धष्टपुष्ट करडू उचलतो. रात्री पोटभर खाऊन झोपलेलं करडू सकाळी मेलेलं सापडतं. लोक म्हणतात, साप चावला असेल. कारण बऱ्याचदा पोटात असतं. पहिल्या पावसानंतरचा कोवळा लुसलुशीत चारा किंवा एकदम वाढवलेलं धान्य यामुळे आतड्यातले जंतू झपाट्यानं वाढतात आणि विष तयार करतात. डॉक्टरांना फोन करायलाही वेळ मिळत नाही.

आता विचार करा. बकरी ईदसाठी बोकड तयार करताना शेवटच्या महिना-दीड महिन्यात आपण काय करतो? मका वाढवतो, खुराक वाढवतो. म्हणजे वर्षाची कमाई ज्या बोकडांवर अवलंबून आहे, तेच सगळ्यात जास्त धोक्यात असतात. लस आधी दिलेली असेल आणि खुराक आठ-दहा दिवसांत थोडा थोडा वाढवला, तर हा धोका पुष्कळ कमी होतो.

वर्षाचं वेळापत्रक

आपल्याकडे पाऊस जूनमध्ये येतो. सगळं नियोजन तिथून मागे मोजायचं. आजारी जनावराला लस देऊ नका, आणि दोन वेगवेगळ्या लसींमध्ये साधारण १५ ते २१ दिवसांचं अंतर ठेवा. हे वेळापत्रक घेऊन आधी तुमच्या पशुवैद्यकांना भेटा. तुमच्या तालुक्यात कोणता आजार जास्त येतो हे त्यांना माहीत असतं, त्यानुसार ते क्रम बदलून देतील.

- एप्रिलअखेर: लेंड्यांची तपासणी करून जंतनाशक.
- मे महिना: आंत्रविषाराची लस. पहिल्यांदाच देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस, पुढे दरवर्षी पावसाआधी एकदा. घटसर्प येणारा भाग असेल तर त्याचीही लस पावसाआधीच.
- पावसाळा: गोठ्यात पाणी साचू न देणं, जमिनीवर चुना, गोचिडांवर लक्ष. डोळ्यांची तपासणी दर दोन-तीन आठवड्यांनी. ती कशी करायची ते खाली सांगतो.
- सप्टेंबर-ऑक्टोबर: पुन्हा लेंड्या तपासून जंतनाशक. लाळ-खुरकूतची लस दर सहा महिन्यांनी असते, तिची तारीख दवाखान्यातून घ्या.
- थंडी: करडांना वाऱ्यापासून आडोसा. तीन महिन्यांवरच्या करडांना पीपीआर.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून यातल्या काही लसी मोफत किंवा नाममात्र दरात मिळतात. १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदतही मागता येते. लस खाजगीतून घेणार असाल तर एक व्यवहाराची गोष्ट ऐका. कुपी बऱ्याचदा ५० किंवा १०० डोसची असते आणि एकदा पाणी मिसळलेली पीपीआरची लस दुसऱ्या दिवसासाठी ठेवता येत नाही. २० शेळ्यांसाठी कुपी फोडली तर बाकीची फुकट जाते. गावातल्या चार-पाच शेळीपालकांनी एकच दिवस ठरवा. खर्च वाटला जातो, आणि शेजारच्याचा कळप सुरक्षित झाला की तुमच्याकडे आजार येण्याचा एक रस्ताही बंद होतो. लस दुकानापासून गोठ्यापर्यंत बर्फात आणा. उन्हात, डिकीत तापलेली लस म्हणजे नुसतं पाणी टोचणं.

जंतनाशक: अंदाजे नको

जठरातले काही जंत चक्क रक्त पितात. खालची पापणी हलकेच ओढून आतला भाग बघा. लालसर-गुलाबी असेल तर ठीक. फिकट, पांढरट दिसला तर रक्त कमी झालंय. जबड्याखाली सूज उतरली असेल तर थांबूच नका.

इथे दोन सवयी पैसे बुडवतात. पहिली, शेळीकडे बघून अंदाजे डोस पाजणं. डोस कमी पडला की अर्धे जंत जगतात, त्या औषधाला सरावतात आणि पुढच्या वर्षी तेच औषध काम करत नाही. काटा घ्या, वजन करा, मग पाजा. काटा विक्रीच्या दिवशीही कामाला येतो. दुसरी सवय, गाभण शेळ्यांनाही सरसकट एकच औषध. अल्बेंडाझोल गाभण शेळीला, विशेषतः पहिल्या महिन्यात, देऊ नये. गर्भाला इजा होऊ शकते. डॉक्टरांना विचारून योग्य औषध घ्या.

जिथे जवळपास काहीच खर्च नाही

काही गोष्टींना पैसे लागत नाहीत, फक्त शिस्त लागते.

- चीक: करडू जन्मल्यावर तासाभराच्या आत चीक पोटात गेला पाहिजे. पहिल्या २४ तासांत वजनाच्या साधारण १० टक्के. २ किलोच्या करडाला २०० मिली, थोडा थोडा विभागून. वार पडायची वाट बघू नका.
- नाळ: टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. एक बाटली कितीतरी करडांना पुरते.
- नवीन जनावर वेगळं: बाजारातून आणलेली शेळी थेट कळपात सोडू नका. निदान तीन आठवडे वेगळी बांधा, तिचं भांडं वेगळं ठेवा. आजार गोठ्यात येण्याची सगळ्यात मोठी वाट म्हणजे आठवडी बाजार.
- गाभण शेळीला लस: विण्याआधी तीन-चार आठवडे आंत्रविषाराची लस दिली तर चिकातून करडालाही संरक्षण मिळतं. एकाच डोसात दोघांचं काम.

कुठे पैसे घालू नयेत?

प्रतिबंध म्हणजे रंगीत टॉनिकच्या बाटल्यांची रांग नव्हे. दुकानदार देतोय म्हणून लिव्हर टॉनिक, वजन वाढवणारी पावडर, दर महिन्याला अँटिबायोटिक हे सगळं घेत गेलात, तर ३०० रुपयांचा खर्च कधी हजारावर गेला कळणार नाही. लस, गरजेपुरतं जंतनाशक आणि क्षार-मिश्रण यांच्या पलीकडे काही घ्यायचं असेल तर आधी विचारा, हे कशासाठी? उत्तर डॉक्टरांकडून घ्या.

अनुदान आणि विम्याबद्दल दोन शब्द

राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० शेळ्या आणि ५ बोकडांच्या युनिटला ५० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान आहे. त्यामुळे अनेक जण थेट मोठ्या युनिटनं सुरुवात करायला बघतात. पण अनुदान उभारणीसाठी आहे. मरतुकीची भरपाई त्यात नाही. २० शेळ्यांवर ज्याला वेळापत्रक पाळता आलं नाही, त्याला १०० वर ते आणखी जड जाणार.

विमा जरूर काढा. कानातला टॅग सांभाळा, कारण टॅग नसेल तर क्लेम अडकतो. पॉलिसीत लसीकरणाची अट आहे का तेही वाचा. आणि लक्षात ठेवा, विमा मेलेल्या जनावराचे पैसे देतो. कमी भरलेल्या ४८ किलोंचे पैसे कुणीच देत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

एक वही घ्या. प्रत्येक जनावराला एक पान: टॅग नंबर, जन्म किंवा खरेदीची तारीख, लस, जंतनाशक, वजन. शेवटच्या पानावर मरतूक लिहा: तारीख, वय, कारण. कारण कळलं नसेल तर जवळच्या दवाखान्यात शवविच्छेदनाची विनंती करा. एका मेलेल्या करडाची तपासणी उरलेल्या २९ जणांना वाचवू शकते.

शेळ्या अजून घेतल्या नसतील तर फारच छान. प्रोजेक्ट रिपोर्ट उघडा, 'औषधोपचार व इतर' खोडा आणि तिथे महिनावार खर्च लिहा. मरतुकीच्या रकान्यातही खरा आकडा टाका, अगदी १० टक्के धरूनसुद्धा धंदा नफ्यात राहतोय का बघा. राहत असेल तरच शेळ्या घ्यायला बाजारात जा. नसेल राहत, तर शेडवरचा खर्च कमी करा. औषधपाण्याच्या रकान्याला मात्र हात लावू नका.