छोट्या इंजिनाचा श्वास आणि त्याचे आयुष्य

गाडीच्या माहितीपत्रकात इंजिनाविषयी चार-पाच आकडे छापलेले असतात. मुलांना ते तोंडपाठ असतात, पण 'म्हणजे काय?' असे विचारले की वर्ग गप्प होतो. खरे तर नववी-दहावीच्या गणिताने आणि भौतिकीने या आकड्यांची बरीचशी उकल होते. आपण एक ओळखीचे इंजिन घेऊन हे करून पाहू.

मारुती ८०० ही मोटार डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. आजही कुठेतरी ती धावताना दिसते. तिच्या शेवटच्या काळातील, कार्ब्युरेटरऐवजी इंधन फवारणारी यंत्रणा असलेल्या इंजिनाचे आकडे असे: सिलिंडर ३, सिलिंडरचा व्यास ६८.५ मिमी, दट्ट्याची धाव ७२ मिमी, शक्ती मिनिटाला ५००० फेऱ्यांना ३७ अश्वशक्ती, टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर २५०० फेऱ्यांना ५९ न्यूटन-मीटर.

आधी आकारमान काढू. व्यासावरून वर्तुळाचे क्षेत्रफळ येते सुमारे ३६.८५ चौरस सेंटिमीटर. त्याला ७.२ सेंटिमीटर धावेने आणि मग ३ ने गुणले की उत्तर येते ७९६ घनसेंटिमीटर. गाडीच्या नावातले '८००' आले ते असे.

हे आकारमान म्हणजे इंजिनाच्या छातीचा भाता. दट्ट्या खाली सरकतो, सिलिंडरमधला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा वातावरणाच्या दाबाने आत शिरते. हवा आत ढकलायला पंखा किंवा टर्बोचार्जर नसतो, म्हणून अशा इंजिनाला नैसर्गिक श्वसनाचे इंजिन म्हणतात. चार धावांच्या इंजिनात दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा श्वास घेतो. म्हणजे दोन फेऱ्यांत फार तर ७९६ घनसेंटिमीटर हवा आत येणार. तिचे वस्तुमान एक ग्रॅमहूनही थोडे कमी. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे १५ ग्रॅम हवा लागते. तेव्हा दोन फेऱ्यांत जाळता येणारे पेट्रोल ग्रॅमच्या सहा-सात शतांशांएवढेच! इंजिनाची शक्ती पेट्रोलच्या टाकीवर नव्हे, तर या श्वासावर अवलंबून असते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंच आहे. तिथली हवा जवळजवळ १२ टक्क्यांनी विरळ असते आणि इंजिनाची कमाल शक्तीही साधारण तेवढीच घटते.

आता टॉर्ककडे वळू. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले कोनीय वेग. ५००० फेऱ्यांना ३७ अश्वशक्ती, म्हणजे सुमारे २७ किलोवॅट. यावरून तिथला टॉर्क काढला तर तो येतो ५२ न्यूटन-मीटरच्या आसपास. २५०० फेऱ्यांना तर तो ५९ होता. मग कमी का झाला? ५००० फेऱ्यांना श्वासाची एक धाव सेकंदाच्या सहा सहस्रांशात संपते. एवढ्या वेळात अरुंद वाटेने सिलिंडर पुरता भरत नाही.

वर्गात हे दाखवायला सुई नसलेली इंजेक्शनची पिचकारी पुरे. तिचे तोंड बोटाने अर्धवट झाका आणि दट्ट्या आधी सावकाश, मग झटक्याने ओढा. झटक्याने ओढताना हाताला जो विरोध जाणवतो, तोच इंजिनालाही होतो. २०१२ मध्ये आलेल्या अल्टो ८०० चे इंजिनही ७९६ घनसेंटिमीटरचेच होते. पण त्यात दर सिलिंडरला दोनाऐवजी चार झडपा होत्या. श्वासाची वाट मोकळी झाली आणि शक्ती ४८ अश्वशक्तीपर्यंत गेली.

अशी इंजिने टिकाऊ का ठरली? एक कारण या आकड्यांतच आहे. एका फेरीत दट्ट्या वर-खाली मिळून १४४ मिमी जातो. ५००० फेऱ्यांना त्याचा सरासरी वेग येतो सेकंदाला १२ मीटर. रोजच्या ३००० फेऱ्यांना तो ७.२ मीटरच असतो. दट्ट्याला दर धावेच्या टोकाशी थांबवून उलट फिरवायचे असते. त्यासाठी लागणारे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे फेऱ्या निम्म्या, तर हा ताण चौथाई. शिवाय एक लिटर आकारमानामागे या इंजिनातून सुमारे ३४ किलोवॅटच काढले जात. आजच्या काही टर्बो इंजिनांतून याच्या दुपटीहून अधिक काढले जातात. थोडक्यात, या इंजिनाला त्याच्या ताकदीच्या मानाने बेताचेच काम दिलेले होते.

पण इंजिनाचे आयुष्य ठरवणाऱ्या दोन गोष्टी माहितीपत्रकाच्या तक्त्यात सापडत नाहीत: तेल आणि उष्णता. क्रँकशाफ्ट आणि तिचे बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो. तो शाबूत असेपर्यंत धातू धातूला टेकत नाही. तेल कमी झाले किंवा जुने होऊन बिघडले की हा थर तुटतो आणि झीज सुरू होते.

उष्णतेचे तसेच. पेट्रोलच्या ऊर्जेपैकी साधारण चौथा हिस्साच चाकांच्या कामी येतो. उरलेली उष्णता धुराड्यातून आणि रेडिएटरमधून बाहेर जावी लागते. घाटात बॉनेट उघडून उभी असलेली गाडी आपण सर्वांनी पाहिली आहे. तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला तरी 'गाडी ओढते आहे ना, माथा गाठू' असे म्हणणारे पुष्कळ. इथेच घात होतो. सिलिंडरचा ठोकळा असतो बिडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. मर्यादेबाहेर तापले की हेड वाकते, मधले गॅस्केट फुटते, पाणी तेलात मिसळते आणि तेल दुधी चहासारखे दिसू लागते. पंधरा मिनिटांची घाई इंजिनाच्या आयुष्यावर बेतते.

म्हणून काटा चढला की गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण मात्र लगेच उघडू नये. झाकणामुळे आतला दाब वातावरणाच्या जवळजवळ दुप्पट असतो आणि पाणी १०० अंशांपलीकडे जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब उतरतो, पाणी एकदम उकळून उसळते आणि चेहरा-हात भाजतात. दाबाबरोबर उत्कलनबिंदू बदलतो हा धडा आपण प्रेशर कुकरच्या उदाहरणाने शिकवतो. तो रेडिएटरच्या झाकणावरही शिकवावा. घरी गाडी किंवा मोटारसायकल असलेल्या मुलांना तिची पुस्तिका आणायला सांगून दट्ट्याचा वेग काढायला लावावा. आणि त्याच पुस्तिकेतले तेल बदलण्याचे व पाणी तपासण्याचे पानही त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे.